बुश बदलायचे, पण कोणते?

पंधरा वर्षं वापरलेली सेडान स्पीडब्रेकरवर खट्ट आवाज करू लागली की पहिला आरोप शॉकअपवर येतो. शॉकअप बदलले जातात, आवाज तसाच राहतो. मग लिंक रॉड, मग स्टीअरिंग रॅक. खिशाला बऱ्यापैकी चाट बसल्यावर कोणीतरी गाडी वर घेतं, लोअर आर्म आणि क्रॉस मेंबरच्या फटीत टॉमी घालून रेटा देतं आणि आर्म नको तेवढा सरकतो. ‘बुश गेलेत, साहेब.’ इथवरची गोष्ट बहुतेक जुन्या गाड्यांची सारखीच असते. पंचाईत पुढे, नाना पेठेतल्या किंवा ऑपेरा हाउसजवळच्या दुकानात सुरू होते. दुकानदार काउंटरवर चार गोष्टी मांडतो. एक गाडीच्या कंपनीच्या शिक्क्याच्या डब्यातला बुश, एक नावाजलेल्या सुट्या भागांच्या उत्पादकाचा, एक बिननावाच्या पिशवीतला फारच स्वस्त, आणि एक भडक रंगाचा पॉलियुरेथिनचा, ‘एकदा टाका आणि विसरून जा’ अशा हमीसह.

यातला चांगला कोणता, असा प्रश्न सगळेच विचारतात आणि एका शब्दात उत्तर मिळावं अशी अपेक्षा असते. माझ्या मते तो प्रश्न असा विचारताच येत नाही. एका गाडीतले सगळे बुश नावाने सारखे असले तरी कामाने सारखे नसतात. होंडा सिटी, मारुती एसएक्स४, फोक्सवॅगन व्हेंटो या आपल्याकडच्या नेहमीच्या सेडानची रचना घ्या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे दोन्ही चाकांना जोडणारा ट्विस्ट बीम. पुढच्या प्रत्येक लोअर आर्मला दोन असे चार बुश, स्टॅबिलायझर बारला धरून ठेवणारे दोन डी-बुश, मागच्या बीमचे दोन मोठे बुश, मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यातले दोन आणि स्ट्रटच्या डोक्यावरची दोन माउंटिंग, अशी डझनभर रबरं होतात. २००६ पासून आपल्याकडे विकल्या गेलेल्या होंडा सिव्हिकसारख्या गाडीत मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे संख्या आणखी वाढते. १९९५ पासून पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीज डब्ल्यू१२४ मध्ये तर मागच्या प्रत्येक चाकाला पाच दुवे आहेत. या सगळ्या जागांना एकच ‘चांगला’ बुश लावणं म्हणजे घरातल्या प्रत्येक दाराला एकच कुलूप शोधण्यासारखं आहे. निवड आधी जागेची करायची, मालाची नंतर.

बुश म्हणजे नेमकं काय, हे थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण बाजारातले निम्मे गैरसमज इथूनच निघतात. अँबेसिडर आणि पद्मिनीच्या काळात पुढच्या सस्पेन्शनच्या काही सांध्यांना ग्रीस निपल असत. धातूवर धातू फिरायचा, मध्ये ग्रीस, आणि ठरावीक अंतरानंतर ग्रीस गन मारली नाही की सांधा कुरकुरायचा. त्याला पर्याय बराच आधी निघाला होता. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ‘सायलेंटब्लॉक’ नावाने एक सांधा विकला जाऊ लागला. एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये ताणून दाबून बसवलेलं रबर. पुढे रबर धातूला रासायनिक रीतीने चिकटवण्याचं तंत्र पक्कं झालं आणि आजचा बाँडेड बुश तयार झाला. त्यात काहीही घसरत नाही, काहीही फिरत नाही. आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेली असते, बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, आणि चाक वर-खाली होतं तेव्हा मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. सांधा हलतो तो रबराच्या पिळामुळे. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आणि म्हणूनच तो बसवताना एक चूक झाली तर महागातला बुशही लवकर फाटतो. त्या चुकीकडे पुढे येऊ.

दुसरं काम आवाज अडवण्याचं. गाडीचं शरीर स्प्रिंगवर हलतं ते सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा. चाक आणि त्याला जोडलेले भाग स्वतःच्या लयीत थडथडतात ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. हे दोन्ही स्प्रिंग आणि शॉकअप सांभाळतात. पण डांबरातली खडी, पुलांचे सांधे, पेव्हर ब्लॉक यांच्यातून येणारी घरघर तीसपासून काही शे हर्ट्झपर्यंत पसरलेली असते आणि तिथे शॉकअप निरुपयोगी ठरतो. त्या घरघरीला केबिनबाहेर ठेवतो तो बुश. जुन्या गाडीत ‘पूर्वीसारखं शांत वाटत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा कारण बऱ्याचदा इथे असतं, आणि लोक मात्र दारांची रबरं बदलत बसतात.

याच आकड्यांतून आणखी एक तक्रार उलगडते. १७५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला साडेअकरा-बारा वेळा फिरतो, १०० ला साडेचौदा वेळा. म्हणजे चाकाच्या तोलातला बारीकसा दोष नेमका त्या दहा ते पंधराच्या पट्ट्यात जाऊन पडतो. बुश धडधाकट असतील तर ते तो जिरवतात. सैल झाले की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नव्वदच्या पुढे स्टीअरिंग हातात थरथरू लागतं आणि मालक दर महिन्याला चाकांचं बॅलन्सिंग करून घेतो.

तिसरं काम सर्वांत कमी माहीत असलेलं आणि निवडीसाठी सर्वांत महत्त्वाचं. बुशमधली नरमाई ठरवून दिलेली असते, आणि ती सगळ्या दिशांना सारखी नसते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत इंग्रजी एलच्या आकाराचा लोअर आर्म सर्रास दिसतो. त्याचा एक बुश चाकाच्या जवळपास सरळ रेषेत असतो आणि वळणावरचा आडवा जोर पेलतो, तो कडक ठेवतात. दुसरा मागे असतो, आकाराने मोठा, आणि त्याच्या रबरात मुद्दाम चंद्रकोरीसारख्या फटी ठेवलेल्या असतात. खड्ड्यात चाक आपटलं की त्या फटींमुळे चाक किंचित मागे सरकू शकतं आणि धक्का सौम्य होतो. पुढचा बुश मात्र चाकाला आडवं सरकू देत नाही. दोघं मिळून एकच आर्म एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला लवचीक करतात. फटी पाहून ‘हा पोकळ आहे, भरीव द्या’ म्हणणारे ग्राहक आणि तसा भरीव आनंदाने देणारे दुकानदार, दोघांनाही या रचनेचा पत्ता नसतो.

ही कल्पना किती दूरवर नेता येते याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पोर्शेचं आहे. १९७७ मध्ये आलेल्या ९२८ या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनला वाइसाख अ‍ॅक्सल म्हणत. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की त्या काळच्या वेगवान गाड्यांची शेपूट बाहेर फेकली जायची. पोर्शेच्या अभियंत्यांनी मागच्या आर्मचा पुढचा सांधा असा नरम ठेवला, की वेग कमी होताना चाक मागे ओढलं जाईल आणि त्याच ओढीने त्याचं तोंड किंचित आत वळेल. कोणतंही इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही, फक्त रबराची लवचीकता आणि दुव्यांची भूमिती. फोक्सवॅगनच्या ट्विस्ट बीमचे मागचे बुश तिरके बसवण्यामागेही असाच विचार आहे. वळणावर बीम एका बाजूला सरकायला लागला की ते बुश मागच्या चाकांना उलटं वळू देत नाहीत. अशा जागी कडक बुश ‘सुधारणा’ म्हणून बसवला तर अभियंत्याने केलेली एक गोष्ट पुसली जाते आणि त्याऐवजी काय आलं हे कोणीच मोजलेलं नसतं.

आता पॉलियुरेथिन, ज्याला बाजारात पीयू म्हणतात. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला हे रसायन शोधलं. सस्पेन्शनमध्ये त्याला मोटारस्पर्धांच्या जगातून मागणी आली. रबराच्या कडकपणाची मोजणी शोअर ए या मापात होते. गाडीसोबत येणारे बुश साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतात, पीयूचे बहुधा ७० ते ९५. ब्रिटनच्या पॉवरफ्लेक्सने हे रंगांत वाटून दिलं आहे. पिवळा ७०, जांभळा ८०, काळा ९५ आणि तो शर्यतीसाठी. म्हणजे ‘पीयू टाकला’ एवढ्याने काहीच कळत नाही, कोणत्या कडकपणाचा हे विचारायला हवं. आपल्याकडे बहुतेक डब्यांवर हा आकडा नसतो, आणि ज्यावर नाही तो मी घेणार नाही.

पीयूचे गुण खरे आहेत. इंजिन ऑइल, ब्रेकच्या भागातलं ग्रीस यांनी ते नैसर्गिक रबरासारखं फुगत नाही. बसवायला प्रेस लागत नाही, बहुधा दोन अर्ध्या भागांत येतं आणि हाताने ढकलता येतं. स्टीअरिंग चटकन बोलतं. पण त्याची काम करण्याची रीत वेगळी आहे. ते पिळलं जात नाही, त्याच्या आत धातूची नळी फिरते. म्हणजे ज्या ग्रीस गनमधून मोटारी सुटल्या होत्या तिथेच आपण परत येतो. ग्रीस वाळलं, चिखल शिरला की कर्रकर्र सुरू, आणि पावसाळ्यानंतर कोकणातल्या किंवा घाटावरच्या कोणत्याही पीयूवाल्या गाडीला हे सांगावं लागत नाही. शिवाय सांध्याला एकाच अक्षावर फिरायचं असेल तिथवर पीयू खूश असतं. सांधा एकाच वेळी फिरतो, तिरका होतो आणि पुढे-मागेही सरकतो अशा जागी ते अडून बसतं, आणि तो ताण आर्मच्या किंवा सांगाड्याच्या पत्र्यावर जातो. पंधरा वर्षांत गंजलेल्या ब्रॅकेटवर मला तो ताण नको.

आयुष्याच्या हमीबद्दलही एक गोष्ट दुकानात सांगितली जात नाही. पीयूच्या दोन मुख्य जाती आहेत, पॉलिएस्टरवर आधारलेली आणि पॉलिईथरवर आधारलेली. पहिली ओलाव्याने रासायनिक रीतीने तुटत जाते. कपाटात नीट गुंडाळून ठेवलेल्या महागड्या बुटांचे तळवे दोन-चार पावसाळ्यांनंतर भुगा होऊन पडतात, ते याच कारणाने. दुसरी जात पाण्याला टिकते. रत्नागिरी किंवा मालवणला राहणाऱ्या गाडीत पीयू टाकायचंच असेल तर ते कोणत्या जातीचं आहे हे उत्पादकाला विचारावं. उत्तर देता येणारा उत्पादक आणि न येणारा, एवढ्यावरही बरीच निवड होऊन जाते.

तेलभरल्या हायड्रॉलिक बुशबद्दल थोडक्यात. हे मुख्यत्वे महागड्या सेडानमध्ये येतात. रबराच्या आत द्रवाच्या कप्प्यांची जोडी असते, ती ब्रेक लावतानाची थरथर मारते. बीएमडब्ल्यूच्या ई३९ पिढीच्या ५ सीरीजचे पुढचे थ्रस्ट आर्म बुश यासाठी ओळखले जातात. फुटले की काळपट द्रव गळतो आणि ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरतं. जर्मनीच्या मायलेसारख्या कंपन्या त्या जागी भरीव रबराचे टिकाऊ बुश देतात. जुन्या गाडीला आणि आपल्या रस्त्यांना तो सौदा मला बरा वाटतो, थोडी थरथर परत येते पण दर काही वर्षांनी गळती नाही. शर्यतीतल्या धातूच्या गोल सांध्यांचा विचार रोजच्या गाडीत करूच नये. धूळ त्यांना खाते.

मग कोणत्या जागी काय? लोअर आर्मचा मागचा, फटींचा बुश मूळ नमुन्याच्या रबराचाच हवा, इथे माझ्या मनात अजिबात शंका नाही. मागच्या ट्विस्ट बीमचे बुशही तसेच, आणि ते मूळ कंपनीचे किंवा त्या कंपनीला माल पुरवणाऱ्याचे, कारण त्यांना दिशा असते आणि ती रबराच्या आतल्या आकारावर ठरते. लोअर आर्मचा पुढचा बुश गाडी हौसेने चालवणाऱ्याने ७० च्या आसपासच्या पीयूचा घेतला तर फारसं बिघडत नाही, पण घरात वयस्कर माणसं मागे बसत असतील तर कशाला? पीयूला खरोखर शोभणारी जागा स्टॅबिलायझर बारच्या डी-बुशची. तिथे बार नुसता गोल फिरतो, दुसऱ्या दिशांची भानगड नाही, आणि बदलणं दोन बोल्टांचं काम. एकच चाक खड्ड्यात गेलं की किंचित कडक वाटेल, बाकी फायदाच. बारच्या नेमक्या व्यासाचा मात्र घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्तीत बारची जाडी वेगळी असू शकते, म्हणून व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच. स्ट्रटच्या डोक्यावरच्या माउंटिंगमध्ये रबरासोबत बेअरिंगही असतं आणि स्टीअरिंगसोबत ते फिरतं. शॉकअप उघडलेच असतील तर ती दोन्ही तेव्हाच बदलावीत.

रबराचा बुश म्हटल्यावर रबरातही फरक आला. सस्पेन्शन बुशसाठी आजही नैसर्गिक रबर आघाडीवर आहे. ते ताणल्यावर त्याच्या साखळ्या काही अंशी स्फटिकासारख्या रचल्या जातात आणि त्यामुळे भेग पुढे सरकायला अडथळा येतो. रोज हजारो वेळा पिळल्या जाणाऱ्या भागाला हा गुण सोन्यासारखा आहे. त्याचे शत्रू तीन: खनिज तेल, ओझोन आणि उष्णता. तेलाने ते फुगतं आणि पिठूळ होतं. म्हणून पॉवर स्टीअरिंगची किंवा इंजिनची गळती लोअर आर्मवर टपकत असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर नवा बुशही वर्ष-दोन वर्षांत त्याच वाटेने जाईल. कुरकुर थांबवायला कोणी बुशवर गंज सोडवणारा स्प्रे मारू लागला तर त्याचा हात धरा, दोन दिवसांच्या शांततेसाठी रबराची किंमत मोजावी लागते. मारायचाच असेल तर सिलिकॉनचा. ओझोनमुळे पृष्ठभागावर बारीक रेषा उमटतात. गॅरेजमध्ये त्या दाखवून बुश ‘गेला’ म्हणून सांगितलं जातं, पण केसासारख्या वरवरच्या रेषा म्हणजे म्हातारपण, मरण नव्हे. भेग खोल गेलेली असेल, रबर धातूपासून सुटलेलं असेल, आतली नळी मधोमध न राहता एका बाजूला बसलेली असेल, तर मात्र तो गेला. टायरची आतली कड झिजणं, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणं, अलाइनमेंट केल्यावर महिनाभरात परत बिघडणं ही बाहेरून दिसणारी लक्षणं.

आपल्याकडच्या बुशांना एक चौथाही शत्रू आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक नियमावलीतला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि फक्त दहा सेंटिमीटर उंच असतो, गाडी त्यावरून ताशी पंचवीसने अलगद जावी असा. आपल्या गल्ल्यांतले हातभर रुंद डांबरी उंचवटे पाहिले की ती नियमावली कोणासाठी लिहिली गेली असा प्रश्न पडतो.

साठवणीचं वयही पाहा. विशेषतः बंद पडलेल्या मॉडेलच्या गाड्यांसाठी ‘जुन्या स्टॉकमधला, अस्सल कंपनीचा’ बुश मोठ्या कौतुकाने विकला जातो. रबरी मालाच्या साठवणीचं आयएसओ २२३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात नैसर्गिक रबराला योग्य साठवणीत पाच वर्षं आणि तपासणीनंतर फार तर आणखी दोन वर्षं दिली आहेत. पॉलियुरेथिनचा गटही तोच. दुकानाच्या पोटमाळ्यावर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तापलेला, डब्यावर कंपनीचा सुबक शिक्का असलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा बुश मूळ कंपनीचा असेल, पण नवा नाही. डब्यावरची उत्पादनाची तारीख वाचा, रबर नखाने दाबून पाहा, वाकवल्यावर रेषा उघडत असतील तर परत द्या.

स्वस्त मालातली गोम बहुधा मिश्रणात असते. जुन्या टायरपासून परत मिळवलेलं रबर, ज्याला धंद्यात रिक्लेम म्हणतात, ते मिसळलं की भाव उतरतो आणि थकवा सोसण्याची ताकदही. ते डोळ्यांनी दिसत नाही. दिसतं ते वेगळं असतं: फटींचा आकार मूळ बुशशी जुळत नाही, बाहेरची नळी पातळ, रबराची कड खडबडीत, दिशेची खूण गायब. म्हणून काढलेला जुना बुश फेकून न देता दुकानात घेऊन जावा आणि शेजारी ठेवून पाहावा. अस्सल आणि बिननावी यांच्यामध्ये एक मधली पायरी आहे आणि जुन्या गाडीच्या मालकाला तीच परवडते. गाडीच्या कंपनीला मूळ माल पुरवणारे उत्पादक तोच भाग स्वतःच्या नावाने बाजारात आणतात. जर्मन गाड्यांसाठी झेडएफच्या मालकीचं लेमफोर्डर हे याचं ठळक उदाहरण. मूळ भागाचा क्रमांक घेऊन असा उत्पादक शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती वाया जात नाही. मारुतीच्या बाबतीत तेवढेही कष्ट नकोत, एमजीपी, म्हणजे मारुती जेन्युइन पार्ट्सच्या शिक्क्याचा माल तालुक्याच्या गावीही मिळतो आणि भाव आवाक्यात असतो.

अनेक कंपन्या मात्र सुटा बुश विकतच नाहीत, पूर्ण लोअर आर्मच घ्या म्हणतात. यावर सरसकट चिडण्याचं कारण नाही. पूर्ण आर्ममध्ये दोन्ही बुश कारखान्यात नेमक्या कोनात बसवलेले असतात आणि नवा बॉल जॉइंटही मिळतो. पंधरा वर्षांच्या गाडीत बॉल जॉइंट तसाही उंबरठ्यावर आलेला असतो. आर्म पत्र्याचा असेल, गंजलेला असेल, बॉल जॉइंट त्यातच रिव्हेट केलेला असेल, तर मी पूर्ण आर्म घेईन. ओतीव आर्म धडधाकट असेल, बॉल जॉइंट वेगळा निघत असेल आणि जवळ चांगला प्रेसवाला असेल, तर सुटे बुश. शेवटची अट किरकोळ समजू नका.

कारण बुश काढणं हीच जागा आहे जिथे आर्म बिघडतात. गॅसच्या ज्वाळेने जुनं रबर जाळायचं आणि मग घणाने नळी बाहेर काढायची ही पद्धत अजूनही चालते. धुराने फुप्फुसं खराब होतात ती वेगळीच, आर्मचं भोक लंबगोल झालं की नवा बुश त्यात कधीच घट्ट बसत नाही. हायड्रॉलिक प्रेस, बाहेरच्या नळीच्याच व्यासाची ठोकळी, आणि नळी फारच चिकटली असेल तर करवतीने आतून हलका छेद, बस. नवा बसवताना दाब बाहेरच्या नळीवरच हवा, आतल्यावर दिला तर रबर पहिल्याच दिवशी धातूपासून सुटतं. दिशेची खूण जुन्या बुशवरून आर्मवर आधीच आखून ठेवावी. किनारपट्टीवरच्या गाड्यांत आणखी एक संकट असतं: बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो आणि पाना लावला की बोल्टऐवजी रबर पिळलं जातं. तिथे बोल्ट कापावाच लागतो, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवावेत. काही मेकॅनिक बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात. पन्नास मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी पन्नासेक अंश थंड झाली की सुमारे तीन शतांश मिलिमीटर आक्रसते. फार नाही, पण प्रेसला तेवढीही मदत पुरते.

आणि आता ती चूक. गॅरेजमध्ये गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर असते, चाकं लोंबकळत असतात आणि मेकॅनिक त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतो. आतली नळी तिथेच जखडली जाते. गाडी खाली उतरली, आर्म वर आला, आणि रबर उभ्या गाडीतही कायमचं पिळलेलं राहिलं. त्यानंतर प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. बुश सहा-आठ महिन्यांत फाटतो आणि दोष ब्रँडला लागतो. पीयूच्या बुशला हा त्रास होत नाही, कारण त्यात नळी फिरते, आणि पीयूच्या टिकाऊपणाच्या कित्येक कहाण्यांमागचं गुपित कदाचित एवढंच आहे. उपाय सोपा आहे. बोल्ट हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढे-मागे थोडी हलवून बसू द्यायची, मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळायचे. खड्डा किंवा रँप नसेल तर जॅक नकलखाली लावून आर्म नेहमीच्या उंचीवर येईपर्यंत उचलायचा. सर्वांत सोयीची जागा म्हणजे अलाइनमेंटचं दुकान, तिथे गाडी चाकांवरच उभी असते आणि खालून हात पोचतो. अलाइनमेंट तर करायचीच आहे. तिथल्या माणसाला आधी हे बोल्ट सैल करून परत आवळायला सांगा, पाचशे किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्या. बुश नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत, एका बाजूला नवा आणि दुसरीकडे थकलेला असेल तर ब्रेक लावताना गाडी तिरकी ओढणारच.

अलाइनमेंटच्या छापील कागदावर पुढच्या चाकांचे आकडे बहुधा सहज जागेवर येतात. मागच्यांकडे कोणी पाहत नाही, कारण ट्विस्ट बीमच्या गाडीत मागचा टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळल्याचा कोन, सहसा बदलता येत नाही. बुश बदलल्यावर मात्र तो आवर्जून पाहावा. एका बाजूचा बुश चुकीच्या कोनात दाबला गेला असेल किंवा ब्रॅकेट थोडं सरकून बसलं असेल तर ते तिथेच दिसतं. ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून, बीम मधोमध आणून परत आवळल्यावर काही गाड्यांत हा फरक निघून जातो. नाही गेला तर बीम कधीतरी फुटपाथला आपटून वाकलेला आहे, आणि त्याला बुशांचं कोणतंही दुकान काही करू शकत नाही.